टोपल्याचा हिस्सा

खोली भाड्याने देताना तिने अटी मला सांगितल्या नाहीत, टोपल्याला सांगितल्या.

मी पत्र्याची पेटी हातात धरून उंबरठ्यावर उभा. खोलीत एक खिडकी, खिडकीपाशी एक खुंटी आणि खुंटीवर बांबूचा, मासोळ्या न्यायचा टोपला, धुऊन-पुसून नवरीसारखा टांगलेला. तिने त्याच्या काठावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हा पोट्टा राह्यन आता इथी. शिकेल हाय, पन बेकार नाई दिसत. यानं तुया खुंटीले सदरा टांगला तं मले सांगजो." झालं, करार पुरा. मी तिथे होतो तितकी वर्षं माझा सदरा दाराच्या कडीला लटकला. सकाळी दार उघडायचं तर आधी सदरा अंगात घालावा लागे, आत विंचू असला तर विंचवासकट. खोलीच्या वासाबद्दल एवढंच सांगतो, की लाखांदूरला मी हॉटेलात चहा प्यायला बसलो की चार गावची मांजरं टेबलाखाली जमत आणि हॉटेलवाला मला विचारी, "तुमच्या मंडळींना दूध देऊ का?"

सगळं गाव तिला मोठाई म्हणे. आमच्याकडे थोरल्या काकूला मोठाई म्हणतात. ती नेमकी कोणाची काकू होती हे कुणी तपासलं नव्हतं. तिच्या तोंडून एकदा शिवी खाल्ली की माणूस आपोआप पुतण्या ठरे, आणि तसे पुतणे पार गोसीखुर्दच्या धरणापर्यंत पसरले होते.

मी त्या गावच्या मच्छीमार संस्थेचा पगारी सचिव. मूळचा विणकराच्या घरचा. धाग्यातलं मला कळे, पण आमचा धागा कोरडा असतो. भंडारा जिल्ह्याचे नुकतेच दोन तुकडे झाले होते आणि त्यामुळे आमच्या अध्यक्षांची फार सोय झाली होती. काहीही अडलं की ते म्हणत, "जिल्हा फुटला ना." सभेला माणसं आली नाहीत, जिल्हा फुटला. डोंग्याला, म्हणजे होडीला, भोक पडलं, जिल्हा फुटला. त्यांच्या पायजम्याची नाडी भर सभेत तुटली तेव्हाही त्यांच्या तोंडून तेच निघालं. हे अध्यक्ष म्हणजे मोठाईचे सख्खे दीर. ती त्यांना दिवसातून दोनदा सोलायची, पण 'भाऊजी' आणि 'तुमी' सोडून कधीच नाही. "भाऊजी, तुमी निव्वळ गाढव हा," म्हणायची आणि लगेच, "बसा, पानी देऊ का?"

आवाजाचं म्हणाल, तर गावच्या तलावाच्या या पाळीवर, म्हणजे बांधावर, तिने "रोहू घ्या वो" म्हटलं की पलीकडच्या काठावर बसलेल्या म्हशी उभ्या राहात. मी पाहिलं आहे. एकदा एसटीचा ड्रायव्हर पुढच्या गावाच्या थांब्यावरून गाडी मागे घेऊन आला, कारण त्याला वाटलं कुणी बाई मागे सुटली. सुटली नव्हती, ती घरी कावळ्याशी बोलत होती. त्या कावळ्याशी तिचं पिढीजात वैर होतं. आधी त्याच्या बापाशी होतं.

तिच्याशी सरळ बोलणं अशक्य. तुम्ही काही विचारलं की ती फक्त म्हणे, "मंग?" मी म्हणायचो, मोठाई, खोलीत पाणी गळतंय. "मंग?" मोठाई, पाऊस आहे. "मंग? पावसानं काय करावं?" या 'मंग'वर माझ्या आयुष्याची किती वर्षं गेली याचा विचार केला की आजही माझं डोकं तापतं.

एकदा शहरातून एक साहेब बायकांच्या समानतेवर बोलायला आले. मी समाजमंदिर झाडून घेतलं, आलूपोहा करून ठेवला, पुढच्या सतरंज्या बायकांसाठी राखल्या. साहेब सगळा वेळ समोर बघून "भगिनींनो" म्हणत राहिले आणि समोर बसलेले मिशीवाले मान डोलवत राहिले. कारण बाजाराचा दिवस होता आणि भगिनी लाखांदूरला मासोळ्या विकत होत्या. भाषण संपल्यावर मोठाई उगवली, थेट आलूपोह्याच्या गंजापाशी, म्हणजे पातेल्यापाशी, गेली, आणि गंज खरवडता खरवडता साहेबांना म्हणाली, "तुमच्या घरी मासोळी कोन साफ करते?"

साहेब म्हणाले, "पत्नी करतात."

"मंग तिले काहून नाई आनलं? थे बोलली असती."

साहेब परत कधी आले नाहीत. त्याचं खापर अध्यक्षांनी जिल्ह्यावर फोडलं आणि मोठाईने आलूपोह्यावर.

आता तिचं खरं दुखणं सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

त्या तलावात मासे पकडायचे म्हणजे सगळ्या पुरुषांनी मिळून मोठं जाळं ओढायचं. बाईने जाळं ओलांडायचं नाही, डोंग्यात पाय ठेवायचा नाही. ठेवला तर तलाव रुसतो म्हणत. मासे पाळीवर आले की त्यांचे ढीग लागत. जाळं ओढणाऱ्या प्रत्येकाला एक हिस्सा. मग जाळ्याला एक हिस्सा, कारण जाळं झिजतं. तो जाळ्याच्या मालकाकडे जाई. मग डोंग्याला एक हिस्सा, कारण डोंगा कुजतो. तो डोंग्याच्या मालकाकडे. मग बायका हे सगळे ढीग टोपल्यांत भरून, डोक्यावर घेऊन, बाजारात जाऊन, उन्हात बसून, कुत्री हाकत, भाव करत विकत आणि पैसे आणून नवऱ्याच्या हातात ठेवत. बाईला हिस्सा नाही. नवरा असला तर निदान भांडायला माणूस असे. मोठाईचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो गेल्यावरही त्याच्या डोंग्याचा हिस्सा तिच्या घरी येत राहिला, कारण डोंगा जिवंत होता. मग डोंगाही कुजला. त्यानंतर ती दुसऱ्यांचे ढीग वाहायची आणि त्याबद्दल तिला मूठभर झिंगे मिळायचे, 'खुशी' म्हणून.

"लाकडाले हिस्सा हाय," ती म्हणायची, "माया नवरा मेला तरी लाकडाले होता. मी मेली नाई, हेच चुकलं का?"

मी तिला किती वेळा सांगितलं, की मोठाई, सरळ अर्ज कर, बाईचा हिस्सा माग, मी सभेत विषय ठेवतो. पण सरळ जाईल तर ती मोठाई कसली? तिला वाट दिसली ती एसटीत.

झालं असं, की लाखांदूरच्या गाडीत नव्या कंडक्टरने तिच्या टोपल्याचं वेगळं तिकीट फाडलं. दुसरी बाई असती तर भांडली असती. मोठाई गप्प झाली, आणि ती गप्प झाली म्हणून घाबरून अर्धी गाडी गप्प झाली. तिने ते तिकीट घेतलं, टोपल्याच्या काठात खोवलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या प्रवाशाला म्हणाली, "उभा राय बापा, ही जागा याची हाय. यानं पैसे देल्ले." टोपला सीटवर बसून लाखांदूरला गेला. मी त्याच गाडीत दांड्याला लोंबकळत होतो.

त्या आठवड्यात तिने सभेत तोंड उघडलं. बायका सभेला दारात उभ्या राहून ऐकत. ती दारातूनच बोलली, म्हणजे सगळ्या तालुक्याने ऐकलं.

"भाऊजी, जाळ्याले हिस्सा काहून हाय?"

"झिजते म्हनून, वहिनी."

"डोंग्याले?"

"सडते म्हनून."

"माया टोपला झिजते बी आन सडते बी. त्याचं तं तिकीट बी लागते. मले काई नोका देऊ. टोपल्याले हिस्सा द्या."

सभेत हशा झाला. म्हातारे डोळे पुसायला लागले. बाईला हिस्सा द्यायचा म्हटलं असतं तर महिनाभर खल झाला असता, पण टोपल्याला द्यायला काय हरकत, टोपला काही डोंग्यात पाय ठेवत नाही. हसता हसता ठराव झाला. मी लिहून घेतला: दर ओढीला, मासे नेणाऱ्या प्रत्येक टोपल्यास एक हिस्सा. मोठाई माझ्याकडे बघून अशी हसली की जणू मला लिहिणंसुद्धा तिनेच शिकवलं.

पुढच्या ओढीला पाळीवर आम्ही बघतो तो काय. ज्या पुरुषांनी जन्मात टोपल्याला हात लावला नव्हता ते सगळे नवा कोरा टोपला घेऊन बसलेले. बुरडाच्या घरी रात्रीतून जत्रा भरली असावी. बांबूचं बेट अर्धं संपलं म्हणतात. अध्यक्षांनी तर आपल्या टोपल्यावर तांबड्या ऑइलपेंटने नाव घालून आणलं होतं, पदासकट. टोपल्याचा हिस्सा टोपल्याच्या मालकाला. ठराव माझ्याच अक्षरात होता. बायकांनी त्यांच्या नवऱ्यांचे टोपले उचलले आणि बाजाराची वाट धरली. मोठाईचा एकटीचा जुना टोपला होता, पण आता ज्याच्या त्याच्या घरी टोपला झाल्यावर तिच्या टोपल्यात मासे घालायचं कुणाला कारणच उरलं नाही. तिची झिंग्यांची मूठही गेली.

मी तिला म्हटलं, "मोठाई, मी तुला सांगितलं नव्हतं? बाईचा माग म्हणून?"

"मंग?" ती म्हणाली, पण त्यात दम नव्हता.

त्यानंतर ती रुसली. आणि रुसली तर आपल्या घरात रुसावं की नाही? ती माझ्या खोलीत येऊन रुसली, कारण टोपला तिथे होता. भिंतीकडे तोंड करून माझ्या बाजेवर पडली. मी ओसरीवर झोपलो. बाजार बंद, कावळ्याशी भांडण बंद. कावळा दोन दिवस येऊन बघून गेला, मग त्यानेही दाणा सोडला असावा, कारण रोड दिसायला लागला. बायका आल्या त्या तिला बोल लावायलाच आल्या. एक म्हणाली, "तुया डोस्क्यापायी आमच्या बोकांडी नवे टोपले बसले. जुने हलके होते." मी वर भात करून घालायचा, आणि ती भिंतीला म्हणायची, "मीठ कमी हाय."

हे चाललं असताना मंडई आली. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. नाटक, दुकानं, घरोघर पाहुणे, आणि पाहुणा आला की मासोळी पाहिजेच. वर्षात एवढी विक्री दुसरी नाही. पहाटेच जाळं ओढलं. मी म्हणतो पाळ दिसत नव्हती, एवढे मासे. रोहू अशा, की एकेकीला उभी केली तर माझ्या छातीला लागली असती. ढीग लागले: ओढणाऱ्यांचे, जाळ्याचे, डोंग्याचे, टोपल्यांचे. सगळे टोपल्यांत भरले गेले. अध्यक्षांनी आपल्या तांबड्या नावाच्या टोपल्याकडे बोट करून बायकोला म्हटलं, "चाल, उचल."

ही अध्यक्षांची बायको म्हणजे मोठाईची धाकटी जाऊ. गावातली सगळ्यात मुकाट बाई. तिचा आवाज कसा आहे यावर गावात पैजा लागत. दोघी जावांचा एका कोंबडीवरून कित्येक वर्षं अबोला होता; कोंबडी कधीच खाऊन झाली होती, अबोला शिल्लक होता. तर या बाईने टोपल्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, पदर कमरेला खोवला आणि पाळीवर खाली बसली.

"काय झालं?" अध्यक्ष म्हणाले. "पाय दुखून राहिला का?"

"नाई."

"मंग उचल ना."

"टोपला तुमचा हाय," ती म्हणाली. "हिस्सा बी त्यानंच घेतला. त्याले म्हना, जाय मंडईले."

आवाज साधाच होता, पण पाळीवर असा सन्नाटा पडला की मासे तडफडायचे थांबले. मग तिच्या शेजारची बसली. मग तिच्या शेजारची. सगळी रांग बसली.

मी धावत घरी गेलो. म्हटलं, "मोठाई, ऊठ, तुझी जाऊ बसली."

"कुठी?"

"पाळीवर. सगळ्या बसल्या. टोपले उचलत नाहीत."

ती उठून बसली. केस पिंजारलेले, गालावर बाजेच्या सुतळीचे वळ. "मले न इचारता?" ती म्हणाली. गावच्या बायका तिच्याच हक्कासाठी उन्हात बसल्या होत्या आणि हिला विचारलं नाही याचा राग. मी कपाळाला हात लावला तोवर ती पाळीच्या अर्ध्या वाटेवर होती, पण तिथे तिला कावळा भेटला आणि आठवडाभराचं भांडण उरकेपर्यंत मी पुढे पोचलो.

पाळीवर अध्यक्षांनी, टोपला डोक्यावर न घेण्याची पुरुषांची भीष्मप्रतिज्ञा मोडायला घेतली होती. "तुमी नाई तं आमीच नेतो, काय मोठी गोष्ट हाय," म्हणून त्यांनी टोपला आपल्याच डोक्यावर चढवला. डोक्यावरून मासोळीचं पाणी मिशीत, मिशीतून सदऱ्यात. पाळीच्या टोकाला ते पोचले आणि समोरून मोटारसायकलवर त्यांचे व्याही आले, मंडईचे पाहुणे. आमच्याकडे पुरुषाने वाघ मारला तर व्याही विचारतील किती लांब होता. पण पुरुषाने मासोळीचा टोपला डोक्यावर घेतलेला पाहिला तर सोयरीक तुटायची. अध्यक्ष टोपल्यासकट पळसाच्या झुडपात शिरले. व्याह्यांनी मला विचारलं, "अध्यक्ष कुठी हायेत?" मी म्हटलं, "जिल्ह्याच्या कामाला गेलेत." झुडपातून एक रोहू उडी मारून बाहेर आली. व्याह्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गाडी गावाकडे घेतली.

ऊन वर चढायला लागलं. माशांचे डोळे पांढरे पडायला लागले. तिकडे मंडईत लोक विचारत असणार, मासोळी काहून नाई आली? जाळं ओढणारे सगळे एकमेकांकडे बघू लागले. एक म्हातारा म्हणाला, "बाईले हिस्सा देल्ला तं तलाव आटते, हे आमच्या बुढ्यायनं सांगतलं हाय."

धाकटी जाऊ मान वर न करता म्हणाली, "मागच्या उनाळ्यात आटला, तवा कोन्त्या बाईले देल्ला होता?"

म्हातारा खोकायला लागला.

तेवढ्यात मोठाई पोचली. आधी तिने जावेला धरलं. तोंड फिरवून, मला उद्देशून, कारण अबोला: "बाबू, तिले सांग, उन्हात काहून बसली, सावलीत बसाचं ना." मग झुडपाकडे गेली. "भाऊजी, बाहेर या. व्याही गेले."

भाऊजी बाहेर आले. सदऱ्यावर खवले चमकत होते.

"जाळ्याचा हिस्सा आन ओढनाऱ्याचा हिस्सा एक हाय का, भाऊजी?"

"नाई. येगळा हाय."

"डोंग्याचा आन वल्हवनाऱ्याचा?"

"येगळा."

"मंग टोपल्याचा तुमी घ्या. लिहून देल्ला हाय, तुमचा हाय, तुमचं नाव बी टाकलं हाय लाल लाल. नेनारीचा येगळा काढा."

कुणी हसलं नाही. मी सचिव होतो, वही काखेत होती, पण मला कुणी विचारलंही नाही. म्हाताऱ्याने आजूबाजूला पाहिलं आणि ढिगांतून थोडे थोडे मासे बाजूला काढायला लागला. मग दुसरा वाकला. अध्यक्षांनी मिशीतलं पाणी पुसलं. मग त्यांनी आपल्या टोपल्यात हात घालून एक मोठी रोहू काढली आणि बायकोच्या पुढ्यात ठेवली. पुढ्यात म्हणजे तिच्या हातापासून बऱ्याच लांब. तिने हात लांब केला नाही. त्यांनी ती उचलून जवळ ठेवली.

बायकांपुढे एकेक ढीग लागला. मोठाईपुढेही लागला, कारण तिचा जुना टोपला आज लागणारच होता, एवढा माल होता. मग सगळ्या उठल्या आणि मंडईला गेल्या, आणि मासोळी पांढऱ्या डोळ्यांची असूनही दुपारपर्यंत खपली. न खपून जाते कुठे, मोठाई विकत होती.

आता माझ्या संतापाचा भाग. त्या मंडईत, नाटकाच्या मंडपापासून पाळण्यापर्यंत, तिने सगळ्यांना सांगितलं की हे सगळं तिनेच पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं. पुरुषांना टोपले घ्यायला लावले तिनेच. जावेला बसवली तिनेच, मनातल्या मनात. मी म्हटलं, "मोठाई, तू आठवडाभर माझ्या बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडली होतीस."

"मंग? पडली नसती तं त्यायले खरं वाटलं असतं का?"

आजतागायत मला कळलेलं नाही. तिच्या चुकीला कधी चूक म्हणायची सोय नव्हती, आणि शहाणपणाला शहाणपण म्हणावं तर माझी पाठ ओसरीवर झोपून मोडलेली. जावेने यावर एक शब्द काढला नाही. अबोला तसाच राहिला. बायकांना संस्थेचं सभासद करून घ्यायचं काम मात्र पुढे असं रखडलं की अध्यक्षांनी जिल्ह्याचं नाव घ्यायचंही सोडलं. पण नेणारीचा ढीग कुणी मोडला नाही. दर ओढीला लागत राहिला.

त्या दिवशी ती मंडईतून परतली तेव्हा टोपल्यात एक रोहू शिल्लक होती. मी म्हटलं, "खपली नाही वाटतं?"

"इकली नाई," ती म्हणाली. "माया हिश्शाची हाय."

तिने ती चुलीवर लावली. जवसाचं वाटण, तिखट, वर सांभार, म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडे रोहूचं डोकं घरातल्या पुरुषाच्या ताटात पडतं, हे कुणी सांगावं लागत नाही. घरात पुरुष मीच. मी हातपाय धुऊन ताट पुढे ओढलं आणि बसलो. तिने डोकं स्वतःच्या ताटात घेतलं. घाई नाही, गडबड नाही. गाल उकलला, डोळा चोखला, कवटीचा एकेक तुकडा बोटांनी फोडला. मी बघत होतो, भात निवत होता. कित्येक वर्षं ती मासोळी विकत होती आणि तिच्या तोंडाकडे पाहून वाटत होतं की तिला मासोळीची चव पहिल्यांदाच कळते आहे. बऱ्याच वेळाने तिला माझी आठवण झाली. तिने गंजात पळी घातली, शेपटीचा तुकडा काढला आणि माझ्या ताटात टाकण्याआधी हात मधेच थांबवला.

"जाळं तू ओढलं नाई," ती म्हणाली. "टोपला तू नेला नाई. तू कोन्त्या हिश्शात बसतं, बाबू?"

मी ताट तिच्याकडे सरकवलं. तिने शेपटी ताटात टाकली आणि परत आपल्या ताटातल्या डोक्याला लागली.